पडून राहणे हे औषध नव्हे

सुरतेहून मुंबईकडे निघालं की पहिलं मोठं स्टेशन उधना. इथून रुळांची एक शाखा पूर्वेला वळते आणि बारडोली, व्यारा, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर करत जळगावला पोचते. ताप्ती व्हॅली रेल्वेचा हा जुना मार्ग. गेल्या शतकाच्या सुरुवातीपासून खान्देश आणि सुरत त्याने जोडलेले आहेत. पावसाने दगा दिला, जमीन भावाभावांत वाटली गेली, १९७२ सारखा दुष्काळ पडला, की खान्देशातला माणूस याच गाडीत बसला आणि उधन्याला उतरला. इथे लूमचे कारखाने होते, डाइंग-प्रिंटिंगच्या मिली होत्या, बारा तासांची पाळी होती आणि आठवड्याला किंवा पंधरवड्याला हातात रोख पैसा होता. आज उधना, लिंबायत, नवागाम, डिंडोली, पांडेसरा या पट्ट्यात गुजराती, उडिया, भोजपुरी यांच्याबरोबर अहिराणी सहज कानावर पडते. श्रावणात कानबाई बसते, महापालिकेच्या मराठी शाळा भरतात.

या लेखाचा विषय याच वस्तीतला आणि अशाच शेकडो वस्त्यांतला एक रुग्ण आहे. त्याचं यकृत सुकलेलं आहे, म्हणजे त्याला डॉक्टरांच्या भाषेत लिव्हर सिऱ्हॉसिस आहे. घरचे त्याच्या डोळ्यांचा पिवळेपणा बघतात, पोटात पाणी झालं का बघतात, पायांची सूज बघतात. डॉक्टर रक्ताचे आकडे बघतात. सगळ्यांच्या नजरेतून निसटतात ते त्याचे दंड आणि मांड्या. ते महिन्यामहिन्याने झिजत असतात, आणि त्याचं पुढचं आयुष्य किती आणि कसं, हे बऱ्याच अंशी त्या झिजेवर ठरत असतं.

वजन खोटं बोलतं

सिऱ्हॉसिसच्या रुग्णांपैकी साधारण एक तृतीयांश ते दोन तृतीयांश जणांमध्ये स्नायूंची लक्षणीय झीज आढळते, असं जगभरचे अभ्यास सांगतात. आजार जितका पुढे गेलेला, तितकं प्रमाण जास्त. तरीही ही झीज उशिरा लक्षात येते, कारण वजनकाटा ती दाखवत नाही. मांडीचे दोन किलो गेले आणि पोटात तीन किलो पाणी साठलं, तर काट्यावर माणूस वाढलेलाच दिसतो. लठ्ठ रुग्णाचं तर आणखी अवघड. चरबीखाली स्नायू विरत जातो आणि नातेवाईक म्हणतात, तब्येत तर चांगली आहे.

यकृत खराब होण्याची कारणं उधन्यात तीच आहेत जी सगळीकडे आहेत. दारू हे एक. गुजरातमध्ये राज्याच्या स्थापनेपासून, म्हणजे १९६० पासून दारूबंदी आहे, पण बंदी असलेल्या राज्यातही दारूने यकृत गमावलेले लोक आहेत. दुसरं कारण हिपॅटायटिस बी आणि सी. त्यांच्या मोफत तपासणी-उपचारासाठी केंद्र सरकारने २८ जुलै २०१८ रोजी राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. तिसरं कारण यकृतात साठणारी चरबी. मधुमेह आणि वाढलेल्या पोटाबरोबर येणाऱ्या या आजाराचा सरकारने २०२१ मध्ये असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात समावेश केला. घरी बसून साड्यांना टिकल्या-लेस लावणाऱ्या, धागे कापणाऱ्या बायका दिवसभर एका जागी असतात. हा तिसरा आजार त्यांच्या घरात दारूच्या थेंबाशिवाय येऊ शकतो.

यकृताचं काम स्नायूच्या अंगावर

यकृत आणि मांडीचा स्नायू यांचा संबंध काय, असा प्रश्न कुणालाही पडेल. संबंध दोन बाजूंनी आहे.

पहिली बाजू अन्नाची. निरोगी यकृत जेवणातली साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवतं आणि रात्री आपण झोपेत असताना ती थोडी थोडी रक्तात सोडतं. सुकलेल्या यकृताकडे हा साठा फार कमी असतो. संध्याकाळी आठला जेवून सकाळी आठला चहा घेणाऱ्या सिऱ्हॉसिसच्या रुग्णाच्या शरीराची अवस्था, निरोगी माणसाने दोन-तीन दिवस उपाशी राहिल्यावर होते तशी होते. साठा संपला की शरीर स्नायू मोडून त्यातून साखर बनवायला लागतं. हे दर रात्री घडतं.

दुसरी बाजू अमोनियाची. प्रथिनं पचताना आणि आतड्यातल्या जंतूंमुळे शरीरात अमोनिया तयार होतो. यकृत त्याचा युरिया करून लघवीवाटे बाहेर घालवतं. हे चक्र हान्स क्रेब्ज आणि कुर्ट हेन्झेलाइट यांनी १९३२ मध्ये उलगडलं. यकृताला हे काम झेपेनासं झालं की अमोनिया रक्तात वाढतो, मेंदूपर्यंत जातो आणि माणूस भ्रमिष्टासारखं वागू लागतो, दिवसा झोपतो, रात्री जागतो, कधी बेशुद्ध होतो. अशा वेळी अमोनिया पकडून त्याचं ग्लुटामीन करण्याचं काम मुख्यतः स्नायू अंगावर घेतात. घरातला कर्ता अंथरुणाला खिळला की धाकटा भाऊ घर ओढतो, तसंच हे. पण या ओझ्याने तो भाऊही खचतो. क्लीव्हलँड क्लिनिकमधले श्रीनिवासन दासरथी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखवलं, की वाढलेला अमोनिया स्नायूंत मायोस्टॅटिन नावाचं प्रथिन वाढवतो. हे प्रथिन स्नायूंची वाढ रोखतं. म्हणजे यकृत बिघडल्याने स्नायू झिजतो, आणि स्नायू झिजल्याने अमोनिया आणखी वाढतो. हे चक्र बाहेरून तोडावं लागतं, आणि ते तोडण्याची दोन साधनं रुग्णाच्या स्वतःच्या हातात आहेत. पुरेसं खाणं आणि योग्य व्यायाम.

पथ्याचा जुना धाक

आपल्याकडे मात्र यकृताचा आजार म्हटला की दोन्ही साधनं आधी काढून घेतली जातात. कावीळ झाली की तेल-तूप बंद, हळद बंद, डाळ बंद, अंडं-मटणाचं तर नावच नको. उसाचा रस, ताक, उकडलेलं आणि अळणी चालू. आणि सगळ्यात पहिला हुकूम पडून राहण्याचा. थोड्या दिवसांच्या काविळीत हे पथ्य निभावून जातं. सिऱ्हॉसिस वर्षानुवर्षं चालतो, आणि तिथे हेच पथ्य माणसाला उभं झिजवतं.

या धाकाला वैद्यकशास्त्रानेही खतपाणी घातलं होतं, आणि तेही उलटा पुरावा हाती असताना. न्यूयॉर्कच्या आर्थर पाटेक यांनी १९४१ मध्येच सकस आहारावर ठेवलेल्या सिऱ्हॉसिसच्या रुग्णांची प्रकृती सुधारल्याचं मांडलं. कोरियन युद्धाच्या काळात काविळीने आजारी पडलेल्या अमेरिकी सैनिकांवर थॉमस चामर्स यांच्या चमूने जपानमध्ये प्रयोग केले आणि ते १९५५ मध्ये प्रसिद्ध केले. सक्तीने अंथरुणावर ठेवलेले सैनिक, वॉर्डात हिंडण्याफिरण्याची मुभा मिळालेल्यांपेक्षा लवकर बरे झाले नाहीत. भरपूर प्रथिनांचा आहार घेणारे लवकर बरे झाले. हे सैनिक तरुण होते, त्यांचा आजार तात्पुरता होता, पण विश्रांतीच्या सक्तीला आधार नाही हे तेव्हाच दिसलं होतं. त्याच दशकात अमोनिया आणि मेंदूचा संबंध स्पष्ट झाला आणि भ्रमाच्या भीतीने प्रथिनं तोडायची पद्धत रूढ झाली. ती मोडायला अर्धं शतक लागलं. स्पेनमध्ये २००४ साली झालेल्या चाचणीत, भ्रमाचा झटका आलेल्या रुग्णांना नेहमीएवढी प्रथिनं दिली तरी आजार बळावला नाही. दिल्लीच्या गोविंद वल्लभ पंत रुग्णालयातल्या डॉक्टरांनी २०१६ मध्ये १२० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सौम्य भ्रमाच्या या रुग्णांपैकी निम्म्यांना सहा महिने ठरवून पुरेसं अन्न आणि वनस्पतीजन्य प्रथिनं दिली. त्यांची डोकी अधिक साफ झाली आणि पुढचे मोठे झटके कमी झाले. डाळीने डोकं बिघडतं, या समजुतीला आपल्याच देशातून मिळालेलं हे उत्तर आहे.

कष्ट म्हणजे व्यायाम नव्हे

व्यायामाच्या सल्ल्यावर उधन्याचा कामगार रास्त प्रश्न विचारेल. बारा तास लूमवर उभा असतो, एका लूमवरून दुसऱ्यावर फिरत असतो, मग आणखी व्यायाम कशाला?

कारण स्नायू वाढतो तो थोड्या वेळाच्या चढत्या ताणाने, त्यानंतरच्या विश्रांतीने आणि त्या विश्रांतीत मिळालेल्या अन्नाने. लूमवरचं उभं राहणं म्हणजे कमी ताण आणि अखंड वेळ. त्यात विश्रांती नाही, पाळीत धड जेवण नाही, आणि रातपाळीत झोपेची वेळ उलटी. या कष्टाने शक्ती खर्च होते, साठत नाही. पुढे आजार वाढला की कामगार काम सोडून घरी बसतो, आणि बारा तासांच्या उभ्या कामावरून एकदम खाटेवर येतो. झीज या टप्प्यावर सगळ्यात वेगाने होते.

व्यायामाने सिऱ्हॉसिसच्या रुग्णाचं खरंच काही बदलतं का, याची उत्तरं गेल्या काही वर्षांत मिळाली आहेत. कॅनडातल्या एडमंटनमध्ये २०१४ च्या अभ्यासात रुग्णांनी देखरेखीखाली आठ आठवडे, आठवड्यातून तीन दिवस सायकल मारली. त्यांचा दम वाढला, मांडीचा स्नायू जाड झाला, थकवा कमी झाला. डेन्मार्कमध्ये २०२० साली ३९ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या काहींनी बारा आठवडे, आठवड्याला तीन वेळा, तासभर वजनांचा व्यायाम केला. त्यांच्या स्नायूंची ताकद आणि आकार दोन्ही वाढले. हे अभ्यास लहान आहेत आणि त्यातले बहुतेक रुग्ण फार पुढच्या टप्प्यातले नव्हते, हे लक्षात ठेवलं पाहिजे. तरी सगळ्यांचा कल एकाच दिशेने आहे.

आपल्यासाठी सगळ्यात मोलाचा अभ्यास दिल्लीच्या एम्समधला, २०२२ चा. स्नायू झिजलेल्या ६० सिऱ्हॉसिसच्या रुग्णांना सहा महिने घरी करायचा व्यायाम आणि योग्य आहार दिला गेला. त्यातल्या निम्म्यांना शिवाय बीसीएए नावाची अमिनो आम्लांची पूड दिली. पुडीमुळे स्नायूंत वेगळी भर पडली नाही. औषधाच्या दुकानातले महागडे डबे पाहून ज्या घराचा जीव कासावीस होतो, त्या घराने एवढं जरूर ध्यानात ठेवावं. व्यायाम घरच्या घरी करता येतो आणि त्याला डबा लागत नाही.

आधी तपासणी, मग पाऊल

व्यायाम हे औषध असेल तर त्यालाही मात्रा आहे आणि सावधगिरी आहे. सिऱ्हॉसिसमध्ये यकृताकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत दाब वाढतो आणि अन्ननलिकेत फुगलेल्या शिरा तयार होतात. त्या फुटल्या तर रक्ताची उलटी होऊन जीव धोक्यात येतो. बार्सिलोनातल्या डॉक्टरांनी १९९६ मध्ये दाखवलं, की व्यायाम चालू असताना हा दाब तात्पुरता वाढतो. पुढे त्यांनीच हेही दाखवलं, की प्रोप्रॅनोलॉल ही साधी, स्वस्त गोळी घेतलेल्या रुग्णांत तो तसा वाढत नाही. आणि स्पेनमध्येच २०१७ साली लठ्ठ रुग्णांच्या अभ्यासात १६ आठवड्यांच्या आहार-व्यायामानंतर हा दाब मुळातच कमी झालेला आढळला. म्हणून क्रम असा हवा. आधी दुर्बिणीने अन्ननलिकेची तपासणी, गरज असेल तर गोळी किंवा शिरांना बँड, आणि मग व्यायाम. नुकताच रक्तस्राव झाला असेल, ताप असेल, पोट पाण्याने ताणलेलं असेल किंवा रुग्ण भ्रमात असेल, तर व्यायाम थांबवून डॉक्टरांकडे जावं.

ताकद मोजायला मोठं यंत्र लागत नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या जेनिफर लाय यांनी २०१७ मध्ये यकृताच्या रुग्णांसाठी जी मोजणी मांडली, तिच्यात तीनच गोष्टी आहेत. मुठीची पकड, खुर्चीवरून हात न टेकता पाच वेळा उठणं-बसणं, आणि पाय तीन प्रकारे ठेवून प्रत्येकी दहा सेकंद तोल सांभाळणं. आशियाई तज्ज्ञांनी २०१९ मध्ये ठरवलेली मर्यादा अशी. पाच उठाबशांना बारा सेकंद किंवा जास्त लागले, पुरुषाची पकड २८ किलोपेक्षा आणि बाईची १८ किलोपेक्षा कमी भरली, तर स्नायूंची झीज झाली असावी असं समजून पुढची तपासणी करावी. उठाबशांची चाचणी घरातला शाळकरी मुलगा मोबाइलच्या घड्याळावर घेऊ शकतो. महिन्यातून एकदा आकडा कॅलेंडरवर लिहून ठेवला, तर डॉक्टरांना तो उपयोगी पडतो.

व्यायामही साधाच. रोज चालणं, सुरुवात पाच-दहा मिनिटांनी, आणि हळूहळू आठवड्याला दीडशे मिनिटांपर्यंत वाढवणं. वेग असा, की बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये. आठवड्यातून दोन-तीन दिवस, मधे एक दिवस सोडून, ताकदीचे प्रकार. खुर्चीवरून उठबस, भिंतीला हात टेकून दंड, टाचा उचलणं, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं. तोलासाठी एका पायामागे दुसरा पाय ठेवून उभं राहणं, भिंत हाताशी ठेवून, कारण या आजारात हाडंही ठिसूळ होतात आणि पडणं महागात जातं. श्वास कोंडून जोर लावायचा नाही. पोटावर किंवा हर्नियावर ताण येईल असं वजन उचलायचं नाही. उपाशीपोटी व्यायाम करायचा नाही.

रात्रीचा घास

व्यायाम अन्नाशिवाय केला तर तो स्नायूच खातो. युरोपीय आणि भारतीय यकृततज्ज्ञांच्या शिफारशींनुसार रुग्णाला दर किलो वजनामागे दिवसाला साधारण ३५ कॅलरी आणि १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं हवीत. साठ किलोच्या माणसाला २१०० कॅलरी आणि ७२ ते ९० ग्रॅम प्रथिनं. रुग्ण लठ्ठ असेल तर कॅलरींचा हिशेब वेगळा. पोटात पाणी असेल तर ते वजा करून वजन धरायचं.

खान्देशी स्वयंपाकघरात यासाठी लागणारं जवळजवळ सगळं आहे. ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी, तुरीच्या डाळीचे फुणके, मुगाची खिचडी, शेंगदाणे, फुटाणे, दूध-दही. खाणाऱ्यांना अंडी आणि मासे. डाळ शंभर ग्रॅमला बावीसच्या आसपास प्रथिनं देते, एक अंडं सहा ग्रॅम. हात आवरायचा तो मिठाला. पायावर सूज किंवा पोटात पाणी असेल तर पापड, लोणचं, शेव, खारवलेल्या मिरच्या बाजूला ठेवाव्यात, आणि कळण्याच्या पिठातही मीठ बेताचं घालावं.

सगळ्यात महत्त्वाचा घास झोपण्यापूर्वीचा. न्यूझीलंडच्या ऑकलंडमध्ये २००८ साली १०३ रुग्णांवर वर्षभर चाललेला अभ्यास प्रसिद्ध झाला. एकच पूरक आहार काहींना दिवसा दिला आणि काहींना रात्री. रात्री घेणाऱ्यांच्या शरीरात सुमारे दोन किलो स्नायूंइतक्या ऊतीची भर पडली, दिवसा घेणाऱ्यांच्या पडली नाही. अन्न तेच, वेळ वेगळी. झोपताना एक कप दूध आणि दशमी, किंवा वाटीभर खिचडी, हा उपचाराचा भाग आहे. मधुमेह असेल तर प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावं. रातपाळी करणाऱ्याने हे घड्याळावरून न घेता झोपेवरून घ्यावं. तो सकाळी घरी येऊन झोपतो, म्हणून त्याने सकाळी झोपण्यापूर्वी खावं आणि उठल्याबरोबर पुन्हा खावं.

उपवासांबद्दलही स्पष्ट बोललं पाहिजे. एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्राचे नऊ दिवस आपल्या घरांत श्रद्धेने पाळले जातात, आणि आजारी माणूस बरा व्हावा म्हणून अधिकच. सिऱ्हॉसिसच्या रुग्णाने उपवास करू नये. त्याच्यासाठी घरातल्या दुसऱ्या कुणी करावा. आजाऱ्याला उपवासातून सूट आपल्या परंपरेनेच दिलेली आहे.

हे उधन्यात होऊ शकतं

उधन्याच्या रुग्णाला उपचारासाठी दोन मोठी सार्वजनिक रुग्णालयं आहेत. मजुरा गेटची नवी सिव्हिल आणि महापालिकेचं स्मीमेर. सिव्हिलच्या आवारात शासकीय फिजिओथेरपी महाविद्यालय आहे. पोटाचा डॉक्टर, आहारतज्ज्ञ आणि फिजिओथेरपिस्ट या तिघांनी महिन्यातून एकदा एका खोलीत बसून सिऱ्हॉसिसचे रुग्ण एकत्र पाहायचे म्हटलं, तर त्यासाठी नवी इमारत लागत नाही. एक खुर्ची, एक घड्याळ, मुठीची पकड मोजायचं एक यंत्र आणि गुजराती, मराठी, हिंदी, उडियात छापलेला एक कागद पुरतो. सुरत हे शहर अशी कामं करू शकतं, याचा पुरावा त्याच्या इतिहासात आहे. सप्टेंबर १९९४ च्या प्लेगमध्ये लाखो माणसं शहर सोडून पळाली, त्यांत आपलेही होते. पुढच्या दोन वर्षांत आयुक्त एस. आर. राव यांच्या काळात त्याच महापालिकेने कचरा, गटारं आणि गल्ल्या यांची अशी व्यवस्था लावली, की सुरत देशातल्या स्वच्छ शहरांत गणली जाऊ लागली. गल्लीगल्लीत पोचणारी आरोग्ययंत्रणा तिथे उभी राहिली. त्या यंत्रणेच्या कर्मचाऱ्याने घरभेटीत एक प्रश्न वाढवावा, की लिव्हरचा आजार असलेलं कुणी घरात आहे का, आणि ते रोज किती चालतं.

यकृताचे रुग्ण तपासणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला विनंती आहे, की चिठ्ठीवर गोळ्यांच्या खाली तीन ओळी हाताने लिहा. रोज किती मिनिटं चालायचं, किती उठाबशा काढायच्या, झोपताना काय खायचं. तोंडी सांगितलेलं घरी पोचेपर्यंत विसरलं जातं, चिठ्ठीवरचं पाळलं जातं. कारखानदारांना विनंती, की आजारी कामगाराला कामावरून काढण्याआधी अर्ध्या पाळीचं काम देऊन पाहा आणि पाळीत जेवणाची सुट्टी द्या. आणि घरच्यांना विनंती. तुमचा माणूस खाटेवर पडलेला दिसला की तुम्ही मायेने त्याचं ताट-पाणी जागेवर नेता. उद्यापासून, डॉक्टरांना विचारून, त्याला हात द्या, उठवा, ताटापर्यंत चालत आणा. त्याचं यकृत आपल्या हातात नसेल, पण त्याचे पाय अजून आपल्या हातात आहेत.